ओझे कमी, नियत पक्की

नजफ ते करबला, सुमारे 80 किलोमीटर. 2022 साली अर्बईन सप्टेंबरच्या मध्यावर आली. इराकात तेव्हाही ऊन कडक. वाटेवरच्या मौकिबांत जेवण, निवारा मोफत मिळतो, म्हणून अंथरूण-भांडी आम्ही काढून टाकली. उरले दोन जोड कपडे, सुती मोजे, पायात रुळलेल्या चपला, व्हॅसलीन, ओआरएस.

खरी काळजी अम्मीच्या इन्सुलिनची. थंड पिशव्या दोन केल्या. एक हरवली तरी दुसरी हाताशी. रस्त्यावरच्या खांबांना 1452 पर्यंत क्रमांक आहेत. चुकामूक झाल्यास कोणत्या खांबाशी थांबायचे, हे रोज फजरनंतर ठरवायचे.

अम्मी थकली तर गाडी करायची, हे बोलायला आम्ही कचरत होतो. तीच म्हणाली, “पायांनी की चाकांनी, अल्लाह नियत पाहतो.” बॅग तिथेच हलकी झाली.