नक्कल तोलात उतरली का?

पंधराव्या शतकातल्या जर्मन शहरांत आणि खेड्यांत 'लांगेस मेसर' हे एकधारी शस्त्र सर्रास दिसे. त्याची बांधणी तलवारीपेक्षा सुरीच्या जवळची. मुठीत शिरणारा पात्याचा भाग मुठीइतकाच रुंद, त्याच्या दोन्ही अंगांना लाकडाच्या फाळी आणि त्या आरपार रिवेट ठोकून पक्क्या केलेल्या. मुठीपुढे एक आडवी पट्टी, आणि तिच्यातून बाजूला निघणारा खिळ्यासारखा जाड लोखंडी दांडा, जो बोटांची पेरे झाकतो. हे गरिबांचेच हत्यार होते असे सांगितले जाते, ते पटत नाही. टायरॉलमधल्या हाल गावचा कारागीर हान्स सुमर्सपेर्गर याने सम्राट पहिल्या मॅक्सिमिलियनसाठी घडवलेले मोठे मेसर व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. आज युरोप-अमेरिकेतले काही कसबी लोहार मागणीनुसार अशा शस्त्रांच्या हुबेहूब प्रतिकृती घडवतात. त्या पाहून दाद दिली जाते ती पात्याच्या बाकाला, लाकडाच्या रंगाला, रिवेटांच्या सफाईला. दाद रास्तच आहे, पण उत्तम प्रतिकृतीचे खरे श्रेय फोटोत न दिसणाऱ्या गोष्टीत असते: पात्याची जाडी मुठीपासून टोकापर्यंत कुठे किती उतरत गेली, यात.

आधी धारेचे गणित पाहू. पाते 4 सेंटीमीटर रुंद आणि पाठीशी 6 मिलिमीटर जाड आहे असे समजा. एकच धार असेल तर जाडी उतरायला अख्खी रुंदी मिळते आणि पाचरीचा कोन साधारण साडेआठ अंशांचा होतो. तेवढ्याच रुंदीच्या, मध्ये तेवढ्याच जाड दुधारी पात्याला दोन्हीकडे निम्मी निम्मी रुंदी मिळते, म्हणून कोन सतरा अंशांच्या घरात जातो. पाठीची ताकद न घालवता बारीक पाचर मिळवण्याची ही सोपी युक्ती आहे. आता लांबीकडे वळू. आकार आणि रुंदी तीच ठेवली तर पात्याचा कडकपणा जाडीच्या घनानुसार बदलतो. मुठीशी 6 मिलिमीटर असलेली जाडी टोकाकडे 2 वर आली, तर तिथला कडकपणा सत्ताविसाव्या हिश्श्यावर येतो. त्याच वेळी टोकाकडचे वजन घटते. हात फिरताना टोकाजवळचा प्रत्येक ग्रॅम मुठीजवळच्या ग्रॅमपेक्षा कितीतरी जास्त जड पडतो, कारण इथे अंतराचा वर्ग मोजला जातो. म्हणूनच दोन पात्यांचे एकूण वजन आणि तोलबिंदू सारखे असूनही एक चपळ आणि दुसरे मठ्ठ असू शकते.

हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. आडव्या पट्टीजवळ मूठ दोन बोटांत सैल धरायची, पाते खाली लोंबू द्यायचे आणि हात झटपट डावीउजवीकडे हलवायचा. पात्यावरचा एक बिंदू जागच्या जागी थबकलेला दिसतो, बाकीचे पाते त्याच्याभोवती डोलते. हा बिंदू ठरतो तो केवळ वस्तुमानाच्या विभागणीवर. मूळ शस्त्रात तो जिथे येतो तिथेच प्रतिकृतीत आला, वजन आणि तोलबिंदूही जुळले, तर नक्कल तोलात उतरली म्हणायची. यापैकी काही चुकले, तर रूप कितीही हुबेहूब असले तरी ती शोभेची वस्तूच राहिली.

यावर गंभीर आक्षेप आहे तो पोलादाचा. त्या काळच्या पोलादात मळीचे कण असत, कार्बन कुठे जास्त तर कुठे कमी. आजचे पोलाद गिरणीतून एकजिनसी येते. मग नक्कल खरी कशी? आक्षेपात तथ्य आहे, पण त्याचा आवाका मर्यादित आहे. पोलादाची घनता घन सेंटीमीटरला 7.85 ग्रॅमच्या आसपास असते आणि ताण दिल्यावर ते किती वाकते हे सांगणारा यंग गुणांक 200 गिगापास्कलच्या आसपास. पोलाद मऊ असो की पाणी देऊन कडक केलेले, हे आकडे फारसे हलत नाहीत. मळीनेही घनता थोडीच घटते. त्यामुळे पाते किती जड, किती लवचीक आणि कसे कंप पावते, हे जवळजवळ पूर्णपणे त्याची भूमितीच ठरवते. पाणी देण्याने बदलते ते वेगळेच: किती वाकल्यावर पाते कायमचे वाकडे राहील, धार किती टिकेल, घावाखाली तुकडा उडेल का. म्हणजे आधुनिक पोलादाची प्रतिकृती हाताळणीबद्दल खरी साक्ष देते. टिकाऊपणाबद्दल मात्र तिला साक्षीला उभे करू नये.

दुसरा आक्षेप असा की मूळ नगच गंजाने आणि शतकानुशतकांच्या घासण्याने झिजलेले आहेत. बरोबर आहे. म्हणून एकाच नगावर न विसंबता एकाच घाटाचे अनेक नग मोजावे लागतात. मग सगळे संगणकावरच का मोजू नये? पात्याचे आकडे संगणक देईल, पण शस्त्र माणसाच्या मनगटाशी जोडलेले असते. हेर्त्सोगेनाउराखचे पाद्री योहानेस लेकक्यूख्नर यांनी मेसरच्या डावपेचांवर सविस्तर ग्रंथ लिहिला. त्याची 1482 सालची सचित्र हस्तलिखित प्रत म्युनिकच्या ग्रंथालयात आहे. शस्त्रे एकमेकांना भिडलेली असताना मनगट वळवून पाते फिरवण्याचे त्यातले डाव टोकजड नकलेने करू पाहिले, तर ग्रंथकारच अव्यवहारी वाटू लागतो. योग्य तोलाच्या प्रतिकृतीने केले, तर पेरे झाकणारा तो दांडा नेमका कुठे कामी येतो हेही कळते.

हीच कसोटी आपल्याकडच्या शस्त्रांनाही लागू पडते. मराठ्यांच्या आणि दख्खनच्या 'फिरंगी' तलवारींत युरोपातून, त्यातही जर्मनीतून, आलेली पाती वापरली जात. मूठ इथली, पाते तिकडचे. अशा शस्त्रांच्या नोंदीत लांबी आणि वजन एवढेच लिहून भागणार नाही. दर दहा सेंटीमीटरला पात्याची जाडी आणि रुंदी, सोबत तोलबिंदूचे मुठीपासूनचे अंतर, एवढे जरी नोंदले, तरी मूळ शस्त्राला पुन्हा हात न लावता त्याची खरी नक्कल घडवता येईल.