हजेरीपटामागच्या गोष्टी

कोसबादची टेकडी, ताराबाई मोडक, अनुताई वाघ आणि अंगणवाडी ही गोष्ट सत्कारसमारंभांतून सगळ्यांनी ऐकलेली आहे. वारल्यांचा उठाव आणि गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हेही वाचकांना ठाऊक आहे. भाषणांत गळते ती मधली गंमत. डहाणू-तलासरीत गरिबी हटवायला शाळा निघाली खरी, पण आधी जागची हटली ती शाळाच. आणि तिला हटवणारे होते एक तान्हे मूल आणि चार गुरे.

1945च्या डिसेंबरात बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. ताराबाई 1926पासून नूतन बाल शिक्षण संघात मुरलेल्या, माँटेसरीचा अभ्यास पक्का. अनुताई पुण्याच्या हुजूरपागेतली नोकरी सोडून आलेल्या. पण पद्धत वापरायला मुले तर हवीत! ती येईनात. मग घरोघर फिरून पोरे गोळा करायची, न्हाऊ घालायचे, केस विंचरायचे आणि उरलेल्या वेळात शिकवायचे. माँटेसरीची साधने महाग, म्हणून चिंचोके, शिंपले, पाने आणि माती कामाला लावली. (कडव्या माँटेसरीभक्तांना हे कितपत रुचले असेल, ते जाऊ द्या.) तरीही मुले येईनात, तेव्हा बालवाडीच उठून त्यांच्या अंगणात जाऊन बसली. पुढे 1975मध्ये सरकारने एकात्मिक बालविकास योजना आणली आणि अंगणवाडी हे नाव देशभर नेले. तिला अंगणातून उचलून सिमेंटच्या खोलीत बसवण्याची काळजी मात्र आठवणीने घेतली.

आशागडच्या बाजूच्या एका शाळेत एकदा तपासणीला साहेब येणार होते. पट भरलेला, वर्ग अर्धा रिकामा. गुरुजींनी दोन दांडगी पोरे पाड्यावर पिटाळली आणि तासाभरात वर्ग भरला. चौथीतली एक मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊनच आली. साहेब पाढे ऐकत असताना भावाने सूर लावला. साहेब प्रेमळ होते. म्हणाले, “बाळा, त्याला घरी ठेवून ये.” मुलगी आज्ञाधारक, गेली. परत कशी येणार? आई-बाप दोघेही मजुरीवर, घरी भावाला सांभाळणारी तीच. तिच्यामागे आणखी दोघी आपापली भावंडे घेऊन निघाल्या. गळतीच्या कारणांच्या रकान्यात साहेबांनी लिहिले : पालकांची उदासीनता.

ही अडचण ताराबाई-अनुताईंनी कधीच ओळखली होती. 1957मध्ये केंद्र कोसबादला गेले, तिथे विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात होती. ताई शिकायची, भाऊ शेजारी झोपायचा. गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली : मुले जिथे गुरे चारतात तिथे शिक्षकाने जायचे. आता गुरे दुसऱ्याच्या शेतात शिरली, की तास आपोआप सुटणार! पण निदान विद्यार्थी कुठे सापडतील, हे शिक्षकाला नक्की माहीत असे.

मूळ दुखणे अर्थातच पोरगी, भाऊ आणि बैल यांच्याही मागचे. जंगल सरकारने ताब्यात घेतले, जमीन सावकाराच्या वहीत गेली, पावसाळ्यात पोटासाठी काढलेली खावटी दिडीदुपटीने फेडायची. लग्नाला कर्ज काढले तर नवरा-बायको दोघांनी लग्नगडी म्हणून मालकाकडे राबायचे. अंगठा उठवणाऱ्याला आपण नेमके किती देणे लागतो, हे कळायची सोय नव्हती आणि सावकाराला ती सोय व्हायला नकोच होती. गोदावरीबाई तर वकिलीची पदवी घेतलेल्या, मुंबईत प्रौढ साक्षरतेचे काम केलेल्या. पण 23 मे 1945ला झरीला हजारो वारली जमले, तेव्हा पाटी-पुस्तक नंतर आले. आधी वेठ बंद झाली. माझे तर मत असे, की या मुलखातला पहिला धडा तोच. बाराखडी दुसरा.

त्याच वर्षी 10 ऑक्टोबरला तलवाड्याला काय झाले? गोदावरीबाईंच्या जिवाला धोका आहे, अशी आवई उठली. लोक काठ्या घेऊन धावले. दुसरीकडे पोलिसांपर्यंत वर्दी गेली, की वारली दंगा करताहेत. गोळीबार झाला आणि जेठ्या गांगडसह पाच जण गेले. ज्यांना वाचवायला लोक जमले होते, त्या बाई तिथे नव्हत्याच. आवई जमीनदारांनीच पिकवली, असे त्यांनी पुढे लिहिले. आज तलासरीत त्यांच्या आणि त्यांचे पती शामराव यांच्या नावाचे महाविद्यालय आहे. परीक्षेच्या दिवसांत तिथेही आवया उठतात, पण त्या पेपर फुटल्याच्या.

लग्नगडी गेला, आता उचल आहे : पैसे आधी घ्यायचे, राबून फेडायचे. दिवाळी झाली की पाडेच्या पाडे वीटभट्टीवर जातात. नाव पटावर, पोर भट्टीवर. शासनाने स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी पत्रक काढले आहे. भट्टीवर ते कधीकधी भिजू नये म्हणून पत्र्याखाली नीट खोचलेले दिसते.

एका पाड्यावरची सातवीतली मुलगी आई-बापांबरोबर अशीच गेली. करमेना म्हणून तिने गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर रोजच्या विटा मांडल्या, आठवड्याची खर्चीही लिहिली. हंगामअखेर हिशेबाला मुकादम म्हणाला, अजून उचल फिटलेली नाही. मुलीने वही पुढे केली. आकडे दोनदा तपासले गेले. उचल फिटून वर पैसे निघत होते. बापाने ते घेतले, पण मुलीकडे असा पाहत राहिला, जणू तिने काही आगळीक केली असावी.

पुढच्या दिवाळीनंतर मुकादम पुन्हा उचल घेऊन आला आणि बापाला म्हणाला, “पोरीचं डोकं चांगलं आहे, भाऊ. तिला शाळेतच ठेव, भट्टीवर कशाला नासवतोस?” एवढ्यावर तो थांबला नाही. माणसे भरून निघालेला टेम्पो त्याने वाट वाकडी करून वसतिगृहाच्या दारात थांबवला आणि मुलीची पत्र्याची पेटी स्वतःच्या हाताने खाली उतरवली.