अर्ध्या सेकंदाचा हिशेब

वाचकहो, वाफ जिरण्यापूर्वी प्रेशर कुकरचे झाकण उघडू नये, हे घरोघरी लहानथोरांस ठाऊक असते. कुकरमधील पाणी १०० अंशांच्या पुढे तापूनही दाबामुळे पाण्याच्याच रूपात राहते. तो दाब एकाएकी नाहीसा झाला, की ते क्षणार्धात वाफ होऊन उसळते.

पाण्याने निववल्या जाणाऱ्या अणुभट्टीच्या रक्षकांना हीच चिंता असते. अशा अनेक भट्ट्यांत सुमारे ३०० अंश तापलेले पाणी हवेच्या दाबाच्या १५० पट दाबाखाली फिरत असते. मोठा नळ फुटल्यास काय होईल, हे पाहण्यासाठी चालती भट्टी फोडणे शक्य नाही. म्हणून तो प्रसंग संगणकावर घडविला जातो. नळांचे व पात्रांचे लहान लहान खंड कल्पून, प्रत्येक खंडातील पाणी, वाफ, वेग आणि उष्णता यांचा जमाखर्च संगणक क्षणोक्षणी मांडतो.

पण हा जमाखर्च खरा कशावरून? ब्रिटनमधील एडवर्ड्स आणि ओब्रायन यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेला प्रयोग येथे उपयोगी पडतो. सुमारे ४ मीटर लांबीच्या नळीत हवेच्या ७० पट दाबाचे तप्त पाणी भरून त्यांनी टोकाची काचेची चकती फोडली. काही सहस्रांश सेकंदांतच दाब २७ पटींच्या आसपास कोसळला. तेथे पाणी उकळू लागले आणि त्या वाफेनेच दाब काही काळ तोलून धरला. अर्ध्या सेकंदात नळी बहुतांशी रिती झाली. अमेरिकेतील आयडाहो येथे तयार झालेली ‘रेलॅप’ ही गणनप्रणाली याच प्रयोगावर पारखली गेली.

मोठ्या नळाचा हिशेब असा चोख होत असताना एक लहान छिद्र मात्र महाग पडले. २८ मार्च १९७९ रोजी पेनसिल्व्हेनियातील थ्री माइल आयलंड येथे एक झडप उघडीच अडकली. दाब उतरला, पाणी उकळू लागले. परंतु दाब राखणाऱ्या पात्रातील पातळी चढती दिसली. पाणी भरपूर आहे, अशा समजुतीने चालकांनी आणीबाणीचा पुरवठा कमी केला. भट्टीचा जवळजवळ अर्धा गाभा वितळला.

तेव्हापासून लहान गळतीचे हिशेबही तितक्याच काळजीने होऊ लागले आणि चालकांच्या शिक्षणात त्यांना स्थान मिळाले. संगणक कितीही वेगवान असो, कोणता प्रश्न विचारावा हे माणसानेच ठरवावयाचे असते, हे आपण विसरू नये.