वजन तेच, ताण दुप्पट

प्रयोगशाळेतला ५०० ग्रॅमचा ताणकाटा घ्या. हुकाला २०० ग्रॅमचे वजन अडकवा, पण हाताने तोलून धरा. हात सावकाश खाली नेला की दर्शक २०० वर थांबतो. हा स्थिर भार.

वजन पुन्हा वर उचला आणि आता हात एकदम काढा. दर्शक जवळजवळ ४०० पर्यंत जातो, मग हेलकावत २०० वर येतो. असे का? २०० च्या खुणेपाशी बले समान होतात खरी, पण तोवर वजनाला वेग आलेला असतो. तो थोपवताना स्प्रिंग तेवढीच आणखी ताणली जाते. वेळेनुसार बदलणारा हा गतिक भार. (वजन उंचावरून मात्र टाकू नका, काटा जाईल!)

हाच भार ठेक्यात पुन्हापुन्हा पडला तर? लंडनचा मिलेनियम पादचारी पूल १० जून २००० रोजी खुला झाला आणि गर्दी चढताच आडवा डुलू लागला. तोल सावरताना माणसे नकळत त्याच तालावर पावले टाकत. डुलणे वाढतच गेले. दोन दिवसांत पूल बंद झाला. माणसांचे वजन तो सहज पेलत होता. दोलने शमवणारी साधने बसवल्यावर २००२ मध्ये तो पुन्हा उघडला.