दिवे मालवण्याआधी

सोलापुरात सिनेमाचं वेड नवं नाही. सात रस्ता चौकात रिक्षाची वाट पाहणाऱ्या पोराला हिंदी, मराठी पिक्चर चालतात आणि पूर्व भागातल्या तेलुगू घरातला असेल तर हैदराबादच्या नव्या नटाचीही खबर असते. कन्नड, दखनी रोज कानावर पडतात. परक्या भाषेला बिचकणारं हे गाव नव्हे. अडतं ते पडद्यापाशी. दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल याच शहरात शाळा शिकले, दिग्दर्शक नागराज मंजुळे जिल्ह्यातल्या जेऊरचे. पटेलांचा ‘सामना’ १९७५ मध्ये बर्लिन महोत्सवात गेला, मंजुळेंचा ‘सैराट’ २०१६ मध्ये. बर्लिनला दोनदा पोचलेल्या या जिल्ह्याला तिथले बाकीचे सिनेमे पाहायचे तर पुण्याची गाडी धरावी लागते.

गाडी म्हणजे हुतात्मा एक्सप्रेस. पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला निघालेला सोलापूरकर सकाळी साडेसहाच्या सुमारास स्टेशनवर असतो. परतीची गाडी संध्याकाळी सहाला सुटते, त्यामुळे रात्रीचे खेळ हुकतात.

मग गावातच खेळ लावायचं ठरतं. सात रस्ता परिसरात एखाद्या शाळेचा हॉल मिळतो आणि खरी हमाली सुरू होते. आधी कागद. दिग्दर्शकाची किंवा हक्कदाराची लेखी परवानगी हवी. लघुपटवाले बहुधा आनंदाने देतात, फक्त मागावी लागते. सेन्सॉर न झालेला सिनेमा असेल तर फिल्म सोसायटीला सूट मिळू शकते, पण ती सभासदांपुरती. दारात तिकीट विकता येत नाही. या सोसायट्यांचा महासंघ १९५९ चा, पहिले अध्यक्ष सत्यजित राय. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ चं; तिथून १६ मिमीची रिळं डब्यात भरून गावोगावच्या सोसायट्यांकडे जायची. आता लिंक येते, पण हॉलमधली कामं काही कमी झालेली नाहीत.

दुपारी चारच्या खेळाला सोलापूरचं ऊन खिडकीच्या फटीतून थेट पडद्यावर उतरतं. काळं कापड अपुरं पडलं की चादरी टांगतात. त्यांची या गावात टंचाई नसते. प्रोजेक्टर बुटक्या टेबलावर ठेवून तोंड वर केलं तर चित्र वरच्या बाजूला फाकतं. मेनूतलं बटण ते सरळ करून देतं, पण चित्राचा थोडा बारकावा खाऊन. त्यापेक्षा टेबलाखाली विटा सरकवाव्यात. आवाज हॉलच्या स्पीकरला जोडायचा, आणि ते स्पीकर घेतलेले असतात भाषणांसाठी. संवाद फुटतात, पावसाचा आवाज तळणीसारखा येतो. सगळ्यात दगाबाज गोष्ट सबटायटल्स. फाइल २५ फ्रेमच्या प्रतीसाठी बनवलेली आणि सिनेमा २४ चा असला, तर तासाभरात ओळी जवळपास अडीच मिनिटं पुढे पळतात. पहिली पाच मिनिटं बघून ‘ओके’ म्हणणारा इथे हमखास फसतो. शेवटचा प्रसंगही लावून पाहावाच लागतो.

एवढं करून संध्याकाळ बिघडवतात ते सत्कार. शाल, श्रीफळ, दीपप्रज्वलन, प्रायोजकांचं मनोगत. यात अर्धा तास गेला की वीस मिनिटांचा लघुपट त्या समारंभाची पुरवणी होतो. नंतरच्या चर्चेला वेळ उरत नाही. चर्चा झालीच, तर मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘कॅमेरा कुठला?’ त्याला हसू नये. त्याचं नीट उत्तर मिळालं की तिसरा-चौथा प्रश्न गोष्टीबद्दल येतो.

लांब सिनेमाला लोक बसणार नाहीत ही भीतीही उगाच. आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ तीन तासांहून मोठा माहितीपट, २०११ चा. मुंबईच्या वस्त्यांत पडदा बांधून तो दाखवला गेला आणि माणसं बसून राहिली.

सात रस्त्याच्या आसपास ज्यांच्या ताब्यात हॉल आहेत, त्यांनी महिन्यातला एक रविवार यासाठी द्यावा. भाडं थोडं कमी घ्यावं, आणि स्टेजवर हार-तुऱ्यांचं टेबल मांडू नये.