चूक सांगितली, तर नाव कुणाकडे जातं?

हा भाग पनवेलला घरूनच रेकॉर्ड केलाय. मध्येच विमानाची घरघर आली तर सांभाळून घ्या. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळ सुरू झालाय ना! त्यावरूनच आजचा प्रश्न: पायलटकडून चूक झाली, पण कुणाला काही झालं नाही, तर त्याने ती सांगायची का? आणि कुणाला?

आधी माझी गोष्ट. तळोज्याला एका कारखान्यात मी ट्रेनी होतो. दोन व्हॉल्व्ह शेजारी-शेजारी, दिसायला सारखेच. नाइट शिफ्टला मी चुकीचा उघडला आणि लगेच बंद केला. अशा नोंदींसाठी रजिस्टर होतं, पण त्यात नाव लिहून सही करायची आणि ते थेट मॅनेजरकडे जायचं. मी गप्प बसलो. दोन महिन्यांनी दुसऱ्या पोराने तीच चूक केली. त्याचा हात भाजला.

आता १ डिसेंबर १९७४. वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळाकडे येणारं टीडब्ल्यूए ५१४ हे विमान डोंगरावर आदळलं. विमानातले ९२ च्या ९२ जण गेले. कंट्रोलरने अप्रोचची परवानगी दिली, तिचा अर्थ पायलटनी 'आता खाली यायला हरकत नाही' असा घेतला. तपासात कळलं की सहाच आठवडे आधी युनायटेडचं एक विमान तिथेच, याच गैरसमजातून थोडक्यात वाचलं होतं. युनायटेडने आपल्या पायलटना सावध केलं. टीडब्ल्यूएच्या पायलटपर्यंत ते पोचलंच नाही.

यातून एएसआरएस ही यंत्रणा उभी राहिली. आधी एफएएने, म्हणजे तिथल्या नियामकानेच, रिपोर्ट मागवले. पण ज्याच्या हातात लायसन्स, त्याच्याकडेच कबुली कोण देणार? म्हणून १९७६ पासून ते काम नासाकडे गेलं. नासा दंडही करत नाही आणि लायसन्सही काढून घेत नाही.

रिपोर्टवर नाव लिहावं लागतं, कारण काही विचारायचं झालं तर फोन करता आला पाहिजे. पण माहिती घेतली की नावाची पट्टी वेगळी करून, तारखेचा शिक्का मारून पायलटलाच परत पाठवतात. म्हणजे रिपोर्ट 'निनावी' नसतो, 'गोपनीय' असतो. चूक मुद्दाम केलेली नसेल आणि दहा दिवसांत कळवली असेल, तर सहसा दंड किंवा निलंबन माफ होतं. गुन्हा किंवा अपघात असेल तर मात्र ही सूट नाही. आजवर २० लाखांहून जास्त रिपोर्ट आलेत.

ब्रिटनमध्ये १९८२ पासून चर्प आहे. ती आज एक स्वतंत्र धर्मादाय संस्था आहे. ऑस्ट्रेलियात रेपकॉन आहे, ती अपघातांचा तपास करणारी संस्था चालवते. तिघींमध्ये एक गोष्ट सारखी: ऐकणारा वेगळा, शिक्षा करणारा वेगळा.

आणि आपल्याकडे? ८ जून २०२४ आठवतंय? मुंबईत इंडिगोचं विमान उतरलं, तेव्हा त्याच धावपट्टीवरून एअर इंडियाचं विमान अजून उडत होतं. व्हिडिओ व्हायरल झाला, म्हणून आपल्याला कळलं. डीजीसीएने चौकशी लावली आणि कंट्रोलरला ड्युटीवरून बाजूला केलं. पण ज्यांचा व्हिडिओ निघत नाही, त्या चुकांचं काय?

त्यासाठी डीजीसीएकडे स्वेच्छेने रिपोर्ट करायची सोय आहे. जानेवारी २०२४ च्या नियमांत पायलटच्या थकव्याच्या रिपोर्टवर शिक्षा नको आणि नाव गुप्त ठेवा, असंही सांगितलंय. चांगलंच आहे. पण ऐकणारी आणि लायसन्सवर कारवाई करणारी संस्था एकच. नियम कितीही चांगला असला, तरी फॉर्म भरताना पायलटच्या मनात तो विचार येणारच.

माझ्या वेळी ते रजिस्टर दुसऱ्या कुणाकडे जात असतं, तर मी लिहिलं असतं. दोन व्हॉल्व्हना वेगवेगळा रंग लागला असता, एवढंच. तुमच्या कॉलेजात, ऑफिसात असं रजिस्टर असेल तर बघा, ते शेवटी कुणाच्या टेबलावर जातं. भेटू पुढच्या भागात.