आतड्यातला स्टेंट: कोणासाठी, कशासाठी

‘स्टेंट’ हा शब्द घराघरांत पोचला तो अँजिओप्लास्टीमुळे. त्यामुळे पोट फुगलेल्या, उलट्या होणाऱ्या माणसाला इस्पितळात नेल्यावर डॉक्टर ‘आतड्यात स्टेंट टाकता येईल का बघू’ म्हणाले, की नातेवाईक बावरतात. हार्टचंही काही निघालं की काय? तसं काही नसतं. मोठ्या आतड्यातली कर्करोगाची गाठ वाढत जाऊन आतली वाट बंद करते, तेव्हा ती वाट आतून उघडी ठेवणारी ही धातूची जाळी. हृदयाच्या धमनीतला स्टेंट जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंद असतो. हा उघडल्यावर साधारण 22 ते 25 मिलिमीटर होतो. बहुतेक स्टेंट निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूचे, नितिनॉलचे असतात. दाबून बारीक नळीत बसवलेली जाळी मोकळी सोडली की मूळ आकाराकडे परत जाते, हा त्या धातूचा गुण. म्हणून इथे फुगा फुगवावा लागत नाही. उलट स्टेंट टाकताना गाठ फुग्याने रुंद करू नये असंच सांगितलं जातं, कारण त्याने आतडं फाटू शकतं. जाळी एक ते तीन दिवसांत हळूहळू पूर्ण उघडते.

हृदयाच्या स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या घ्याव्या लागतात, तशा या स्टेंटसाठी लागत नाहीत. आणखी एक फरक खिशाचा. 2017 मध्ये सरकारने स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली ती हृदयाच्या स्टेंटवर. ती आठवण ठेवून आतड्याच्या स्टेंटचा हिशोब मांडू नये. खर्च आधी विचारून घ्यावा.

स्टेंटपर्यंत पोचण्याआधीच एक गैरसमज घात करतो: ‘गॅस झालाय, पोट साफ झालं की बरं वाटेल.’ मग एरंडेल, चूर्ण, मेडिकलवाल्याने दिलेलं जुलाबाचं औषध. साध्या बद्धकोष्ठात वारा सरतो. इथे शौचही नाही आणि वाराही नाही, पोट तासागणिक ताठ होत जातं, कळा येतात, उलट्या मात्र उशिरा सुरू होतात. लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावर एक झडप असते. ती घट्ट असेल तर साठलेलं मागेही जाऊ शकत नाही. पुढे गाठ, मागे झडप, मध्ये कोंडलेलं आतडं. सगळ्यात जास्त ताण येतो तो उजवीकडच्या रुंद भागावर, आणि गाठ डावीकडे असूनही आतडं फुटतं ते बरेचदा उजवीकडे. सीटी स्कॅनमध्ये हा भाग दहा-बारा सेंटिमीटरपर्यंत फुगलेला दिसला तर वेळ फार उरलेली नसते. अशा अवस्थेत जुलाबाचं औषध म्हणजे बंद दारावर आतून आणखी जोर. पोट असं फुगलं आणि वारा सरत नसेल तर जागा एकच, सर्जन असलेलं इस्पितळ.

आता मुख्य वाद. दोन अगदी उलटे गैरसमज शेजारी शेजारी नांदतात. एक म्हणतो, ‘स्टेंट टाकला, आता ऑपरेशन टळलं.’ दुसरा म्हणतो, ‘स्टेंट म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले.’ स्टेंट गाठीला काहीच करत नाही. गाठ तिथेच राहते, जाळी तिला फक्त बाजूला रेटते. मग तिचा उपयोग काय, हे त्या माणसाचा आजार कुठवर गेला आहे त्यावर ठरतं.

आजार यकृतात किंवा पोटात इतरत्र पसरला असेल आणि तो पूर्ण काढणं शक्य नसेल, तर स्टेंट हाच मुख्य उपाय असू शकतो. पोट मोकळं होतं, माणूस मोठ्या ऑपरेशनविना घरी जातो आणि केमोथेरपी लवकर सुरू होते. युरोपातल्या एंडोस्कोपी तज्ज्ञांच्या संस्थेने 2020 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये अशा रुग्णांसाठी स्टेंटलाच पसंती दिली. यात हात टेकण्यासारखं काही नाही.

गाठ काढून रोग बरा होण्याची आशा असेल, तर मात्र स्टेंट म्हणजे ऑपरेशनपूर्वीची उसंत. कोंडलेल्या आतड्याचं तातडीचं ऑपरेशन जोखमीचं असतं: रुग्ण सुकलेला, क्षार बिघडलेले, आतडं सुजलेलं. अशा आतड्याची दोन टोकं लगेच जोडायला सर्जन कचरतात आणि पोटावर स्टोमा काढतात, म्हणजे आपल्याकडे ज्याला ‘पिशवी लावणं’ म्हणतात ते. ती तात्पुरती म्हणून लावली तरी सगळ्यांची निघत नाही; वय आणि इतर आजार आडवे येतात. स्टेंटने दोनेक आठवडे मिळाले तर तब्येत सावरते, उरलेल्या आतड्याची तपासणी होते आणि ऑपरेशन ठरवून करता येतं.

कागदावर हे इतकं सरळ दिसतं, की आधीच्या काळात स्टेंटचा उत्साह बराच होता. तो पहिल्यांदा खाली आणला नेदरलँड्सने. तिथे 98 रुग्णांवरचा एक अभ्यास मध्येच थांबवावा लागला, कारण स्टेंटच्या गटात पहिल्या महिन्यातली गुंतागुंत वाढलेली दिसली. दर दहांपैकी सुमारे तिघांत स्टेंट बसवताच आला नाही आणि काही जणांचं आतडं फाटलं. 2011 मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाल्यावर अनेकांनी हात आखडता घेतला. भीती नुसती संसर्गाची नव्हती. आतडं गाठीपाशी फाटलं तर कर्करोगाच्या पेशी पोटात सांडू शकतात, आणि बरा होऊ शकणारा रोग परत यायला वाट मिळते.

ब्रिटनमधल्या ‘क्रेस्ट’ नावाच्या 245 रुग्णांच्या अभ्यासाने पारडं काहीसं परत फिरवलं. तिथे पाचांपैकी चौघांना स्टेंटने मोकळीक मिळाली, पिशवी लागण्याचं प्रमाण स्पष्टपणे घटलं, आणि तीन वर्षांपर्यंत रोग परतण्यात किंवा जगण्यात तोटा दिसला नाही. पण सुरुवातीच्या महिन्यातले मृत्यूही कमी झाले नाहीत, आणि स्टेंटकडून खरी अपेक्षा तीच होती. युरोपीय संस्थेनेही आपली भूमिका बदलली. 2014 मध्ये बऱ्या होऊ शकणाऱ्या रुग्णांसाठी स्टेंट नेहमीचा उपाय म्हणून नको असं ती म्हणत होती; 2020 मध्ये डावीकडच्या गाठीसाठी तो एक पर्याय म्हणून रुग्णासमोर ठेवून मिळून ठरवा, असं म्हणते. माझ्या मते या सगळ्यातून निघणारा सगळ्यात उपयोगी प्रश्न असा: ‘इथे असे स्टेंट टाकणारे कोण आहेत, ते नेहमी टाकतात का?’ हातखंडा असलेल्या आणि नसलेल्या एंडोस्कोपिस्टच्या निकालांत फरक पडतो. नेहमी टाकणारं कोणी नसेल, तर स्टोमा हा कमी दर्जाचा उपचार नाही. तो जीव वाचवतो.

‘गाठ आहेच, तर अडथळा येण्याआधी टाकून ठेवू’ हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण तसं करू नये. अडथळ्याची लक्षणं नसताना स्टेंटचा धोका तेवढा पदरात पडतो, फायदा नाही. आतडं आधीच फुटलं असेल तर स्टेंटचा विचारच नाही, थेट ऑपरेशन. गाठ गुदद्वाराच्या अगदी जवळ असेल तर जाळीचं टोक सतत टोचतं, शौचाची खोटी भावना छळते, ताबा सुटतो. आणि पोटभर पसरलेल्या रोगाने आतडं तीन-चार ठिकाणी आवळलं असेल, तर एक जागा उघडून काय होणार?

स्टेंट बसल्यावरचा गैरसमज केमोथेरपीचा: ‘जाळी आहे, आता औषध चालणार नाही.’ बहुतेक औषधं चालतात. अडचण बिव्हॅसिझुमॅबसारख्या, गाठीच्या नव्या रक्तवाहिन्या रोखणाऱ्या औषधांची. त्यांच्यासोबत आतडं फाटण्याचा धोका वाढतो. केमोथेरपी दुसऱ्या शहरात होणार असेल तर स्टेंटचा कागद फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवावा. एमआरआयही बहुधा करता येतो, पण आधी सांगून.

जेवणाचं मात्र घरच्यांना जरा जड जातं. आयुष्यभर ‘चोथा खा, पालेभाजी खा’ ऐकलेलं असतं. इथे नेमकं उलटं. मक्याचे दाणे, शेंगदाणे, संत्र्याच्या फोडींची सालं, दोरेदार शेवग्याच्या शेंगा, भरड पालेभाज्या जाळीत अडकू शकतात. मऊ भात, मुगाचं वरण, ताक, साल काढून शिजवलेला दुध्या, भरपूर पाणी, आणि डॉक्टरांनी दिलेलं शौच मऊ ठेवणारं औषध. जुलाबाचं औषध ज्या पोटाला आधी घातक होतं, त्याच पोटाला आता शौच मऊ राखण्यासाठी औषध दिलं जातं, हे घरच्या मोठ्या माणसांना एकदा नीट समजावून सांगावं लागतं.

जाळी कायमची शाबूतच राहील असंही नाही. तिच्या छिद्रांतून गाठ आत वाढू शकते. तेव्हा जुन्या स्टेंटच्या आत दुसरा टाकता येतो. आवरण असलेल्या स्टेंटमध्ये गाठ सहज शिरत नाही, पण तो जागेवरून सरकण्याची शक्यता अधिक. कधी तो चक्क शौचावाटे बाहेर पडतो. पुन्हा पोट फुगलं, वारा थांबला किंवा रक्त गेलं तर त्याच दिवशी दाखवावं. अचानक जोराची पोटदुखी आणि ताप आला तर रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नये.